वाळवीच्या नावाखाली सभामंडप उतरवू नका

कोकणातल्या देवस्थानांचे विश्वस्त, मानकरी, ग्रामस्थ आणि मुंबई मंडळांचे पदाधिकारी यांना खुलं पत्र

स.न.वि.वि.

गणपती आटोपले की मुंबई मंडळांच्या बैठका सुरू होतात आणि त्यात ठरलेलं शिमग्याला गावात जाहीर होतं. गेल्या काही वर्षांत त्यातला एक ठराव गावोगाव थोड्याफार फरकाने ऐकू येतो: सभामंडपाच्या लाकडाला वाळवी लागली आहे, मंडप धोकादायक झाला आहे, सबब तो उतरवून तिथे आरसीसीचा मंडप बांधावा. ठरावाला विरोध होत नाही. देवाच्या कामाला कोण नाही म्हणणार? पावती पुस्तकं छापली जातात, चाकरमानी सढळ हाताने देतात आणि पाऊस सरला की कौलं उतरायला माणसं चढतात. चार-पाच पिढ्या उभे असलेले ऐनाचे, किंजळीचे, फणसाचे खांब आठवडाभरात आवारात आडवे पडलेले असतात.

मी जुन्या इमारतींच्या लाकूडकामाची दुरुस्ती करणारा सुतार आहे. घरं, वाडे, देवळं, जिथे बोलावणं येईल तिथे जातो. देवळाचं बोलावणं बहुतेक वेळा ठराव झाल्यानंतर येतं, तेही "एवढं जरा सांभाळून उतरवून द्या" म्हणून. म्हणून हे पत्र आधीच लिहितो आहे. नवा मंडप बांधायचा की नाही हे गावाने ठरवावं, तो गावाचा अधिकार आहे. पण वाळवी हे कारण पुढे करायचं असेल तर तीन गोष्टी कुणीतरी स्वतः बघून, लिहून सभेपुढे ठेवायला हव्यात. किडा कोणता आहे? तो लाकडात किती खोल गेला आहे? आणि त्याला लागणारं पाणी येतं कुठून? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ठरावांत या तिन्हींतल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

आधी किडा. लाकडातून काहीही खाली पडलं, कुठे भोक दिसलं, कुठे पोकळ वाजलं की आपण सरसकट "वाळवी" म्हणतो. प्रत्यक्षात कोकणातल्या जुन्या लाकडात निदान चार वेगवेगळे उपद्रव सापडतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

जमिनीतून येणारी वाळवी ही सगळ्यांत घातक. तिला ओल लागते आणि अंगावर ऊन-वारा सोसत नाही, म्हणून ती उघड्यावरून चालत नाही. जमिनीतून निघून जोत्यावरून, भिंतीवरून, खांबावरून ती मातीची नळी बांधत वर चढते. नळी पेन्सिलीएवढी जाड, कधी त्याहून रुंद. आपल्या जांभ्याच्या चिऱ्यांत मुळातच पोकळ्या असतात आणि जुन्या भिंती मातीत रचलेल्या, त्यामुळे पुष्कळदा ती भिंतीच्या आतूनच वर जाते आणि नळी बाहेर दिसतसुद्धा नाही. थेट वर तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ती उगवते. नळी दिसली की लगेच पुसून टाकू नका. मधला बोटभर तुकडा मोडा आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा बघा. तुटलेली जागा ओल्या मातीने सांधलेली दिसली तर वाळवी आज तिथे वावरते आहे. तुकडा तसाच कोरडा राहिला तर ती नळी जुनी असू शकते, पण मग आसपास दुसरी वाट आहे का ते शोधावं लागतं.

या वाळवीतही प्रकार आहेत. आपल्या आंब्या-फणसाच्या बुंध्यावर मातीचा पापुद्रा चढवून वरची मेलेली साल खाणारी, वारुळात बुरशीची शेती करणारी वाळवी वेगळी. लाकडात खोल शिरून आतून पोकळ करणारी वेगळी. ओळखायचं तर तिच्यातले शिपाई, म्हणजे वसाहतीची राखण करणारे किडे, बघायचे. आतून पोखरणाऱ्यांतल्या एका प्रकारच्या शिपायाचं डोकं पिवळसर, लांबट असतं आणि त्याला काडीने डिवचलं की डोक्यातून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो. असा थेंब दिसला तर वेळ घालवू नका, कारण ही जात वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतलं लाकूड फस्त करते.

मृगाच्या पहिल्या पावसात संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली पाखरं जमतात आणि सकाळी देवळाच्या फरशीवर पंखांचा खच पडलेला असतो. त्यातही मुंग्या असतात आणि वाळवी असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक. पंख देवळाबाहेरच्या दिव्याखाली पडले असतील तर घाबरू नका, ती रानातून आलेली असतात. पण गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी किंवा एखाद्या खांबाच्या फटीतूनच पाखरं बाहेर पडताना दिसली, तर वसाहत आत आहे असं समजा.

दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. हिला जमीन लागत नाही, नळी नाही, माती नाही. ती लाकडातच राहते आणि त्यातल्या किंचित ओलीवर जगते. हिची खूण म्हणजे लाकडाखाली जमणारे दाणे. खसखशीएवढे, आणि भिंगातून पाहिले तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू. दाणे झाडून टाकले आणि पुन्हा त्याच जागी ढीग जमला, तर त्याच्या बरोबर वर बघा, टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. देवळात ही बहुधा जुन्या कपाटातून, पेटाऱ्यातून, कुणी भक्तिभावाने दिलेल्या वापरलेल्या फर्निचरमधून येते. तिच्यासाठी मंडपाभोवती चर खणून औषध ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तो जिन्नस वेगळा काढायचा, गेलेला भाग बदलायचा, उरलेल्यावर उपचार करायचा.

तिसरा भुसा पाडणारा भुंगेरा, ज्याला आता सगळे बोअरच म्हणतात. याचं पीठ टाल्कम पावडरसारखं मऊ, भोकं एक-दोन मिलिमीटरची, गोल. हा छोटासा तपकिरी भुंगेरा लाकडाच्या बाहेरच्या पांढरट भागात अंडी घालतो, कारण त्याच्या अळीला तिथला स्टार्च हवा असतो. गाभ्याच्या लाकडाकडे तो ढुंकून बघत नाही. बांबूचा भुंगेरा याचाच नातलग. आता हे लक्षात घ्या: जुन्या सभामंडपाचे खांब आणि तुळया जवळजवळ पूर्ण गाभ्याच्या असतात. त्या काळच्या सुतारांनी पांढरं लाकूड तासूनच काढलेलं असे. पांढरं लाकूड राहिलेलं असतं ते रिपांमध्ये, एखाद्या वाशाच्या कडेला, किंवा अलीकडे कधीतरी घातलेल्या आंब्याच्या, सावरीच्या फळ्यांत. म्हणजे रिपांतून पीठ पडतं आणि शिक्षा खांबांना होते. एका गावात तर कीर्तनाच्या वेळी पेटीवर भुसा पडतो हा ठरावातला मुख्य मुद्दा होता. वर चढून पाहिलं तर मधल्या दुरुस्तीत घातलेल्या पाच-सहा रिपा तेवढ्या खाल्लेल्या, त्यांच्या खालचा वासा खणखणीत.

भोकं जुनी की नवी हेही बघता येतं. नव्या भोकाची कड धारदार आणि आतलं लाकूड उजळ असतं, जुन्या भोकात धूळ, जाळी, मेण साचलेलं असतं. खात्री हवी तर भोकं असलेल्या भागावर पातळ कागद खळीने घट्ट चिकटवा, तारीख लिहा, आणि पुढचा उन्हाळा-पावसाळा जाऊ द्या. किडा जिवंत असेल तर कागदाला भोक पडेल. पन्नास वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या किडीसाठी आज लाखो रुपये खर्च करायचे का, याचं उत्तर तो कागद देतो.

चौथा, काळानिळा मोठा भुंगा, जो गुणगुणत येतो आणि बोट जाईल एवढं गोल भोक पाडतो. तो लाकूड खात नाही, पिल्लांसाठी घर करतो. वर्षानुवर्षं त्याच तुळईत भोकं पडत राहिली तर ती बुजवावीत, एवढंच. फुलांच्या परागीकरणाला तो लागतो. त्याच्यासाठी मंडप उतरवल्याचं ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आणि जो किडाच नाही तो सगळ्यांत जास्त नुकसान करतो: कूज. लाकडातली ओल शेकडा वीसच्या वर जाऊन तिथेच राहिली की बुरशी धरते. लाकूड तपकिरी होतं, आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी ठोकळे सुटतात, बोटाने चुरगळतं. लोक म्हणतात वाळवीने खाल्लं. बारकाईने पाहिलं तर तिथे ना माती, ना नळी, ना दाणे. पुष्कळदा क्रम उलटा असतो. आधी कौल फुटून पाणी आलं, मग कूज आली आणि मऊ झालेल्या ओल्या लाकडाच्या वासावर वाळवी आली. वाळवी मारली आणि कौल तसंच ठेवलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

म्हणून पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे दोष किड्याचा कमी आणि आपला जास्त आहे.

जुन्या मंडपात लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. तळखडा जमिनीच्या वर वीतभर तरी उचललेला, त्यामुळे खांबाचा बुडखा कोरडा राहतो आणि वाळवी वर चढलीच तर दगडावर तिची नळी उघडी दिसते. आता आपण काय केलं? शेणाची जमीन जाऊन शहाबादी आली, ती जाऊन टाइल्स आल्या, टाइल्सखाली कोबा आला. प्रत्येक वेळी जमीन दोन-तीन इंच वर चढली. आज पुष्कळ देवळांत तळखडा फरशीखाली गाडला गेला आहे आणि खांब थेट टाइल्समधून उगवल्यासारखा दिसतो. फरशी धुतली की पाणी खांबाच्या कडेच्या फटीत उतरतं आणि तिथेच मुरतं. खाली माती, मध्ये ओल, वर लाकूड, आणि सगळं नजरेआड. वाळवीला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

त्यावर ऑइलपेंट. देऊळ लख्ख दिसावं म्हणून खांबांना चॉकलेटी, पिवळा, कधी चंदेरी रंग दर दोन-तीन वर्षांनी चढतो. रंगाच्या थरामागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि बुडख्यातून शोषलेली ओल बाहेर पडायलाही वाट राहत नाही. भिंतींना जांभ्यावर सिमेंटचा गिलावा केला की तेच होतं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने त्याचं तोंड बंद केलं की ओल आतल्या बाजूला, तुळईच्या टोकाकडे सरकते. अभिषेकाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ फुटलेली, मंडपाला लागून उभारलेल्या पत्र्याच्या शेडचं पाणी थेट जुन्या भिंतीवर, वानरांनी उड्या मारून फोडलेली कौलं, पाखाडीच्या बाजूला पावसाळ्यात रचून ठेवलेली लाकडं आणि जुन्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या. ही यादी कुठल्या एका गावाची नाही. पूर्वी पावसाआधी कौलं चाळली जायची, म्हणजे फुटकी बदलून सगळी नीट बसवली जायची, हे काम वाटून दिलेलं असायचं. आता गावात चढणारी माणसं उरली नाहीत हे खरं आहे, आणि त्याचा दोष मी कुणाला देत नाही. पण कौलं चाळायला दरवर्षी माणसं लावण्याचा खर्च आणि नव्या मंडपाचा खर्च एकदा शेजारी शेजारी मांडून बघा.

आता एका खांबाची हकीकत सांगतो. राजापूर तालुक्यातलं एक ग्रामदेवतेचं देऊळ. सभामंडपाचा ईशान्येकडचा खांब, ठरावाप्रमाणे "पूर्ण पोकळ". हातोडीच्या दांड्याने वरून खाली वाजवत आलो. माथ्यापासून कमरेपर्यंत आवाज भरीव, गुडघ्याच्या खाली तो बसका झाला. तिथला रंग खरवडला आणि दाभणासारखी टोकदार आरी टोचली तर ती बोटभर सहज आत गेली आणि मातीचा चुरा बाहेर आला. थोडं उकरल्यावर आत मातीचे थर, त्यात पांढुरके कामकरी सैरावैरा पळताहेत, शिपाई जबडे उघडून पुढे आलेले. बघायला जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "बघा, मी सांगत होतो." पण आरी पुढे ढकलली तर चार बोटांवर ती टणक लाकडाला अडली. चारही बाजूंनी टोचून पाहिलं. वाळवीने बाहेरचा भाग आणि भेगेलगतचं लाकूड खाल्लं होतं, मधला गाभा तसाच होता, आणि बाहेरचा भागही फक्त बुडख्याकडच्या दीड हातापर्यंतच नासला होता. वरचं नऊ फूट लाकूड आणखी दोन पिढ्या पाहील असं.

तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन भार उचलला, खांबाचा खालचा दीड हात कापून काढला आणि त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरप्या जोडाने, आरपार लाकडी खुंट्या मारून बसवला. भोवतीची टाइल आणि कोबा फोडला तेव्हा खाली तळखडा मिळाला, त्यावरची कमळाची पाकळी शाबूत होती. तळखडा उचलून पुन्हा फरशीच्या वर आणला. खर्च नव्या मंडपाच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवण्यासारखाही नव्हता. हे सगळीकडे असंच निघेल असं मी म्हणत नाही. कधी कधी खांब खरोखरच संपलेला असतो, तुळईचं टोक भिंतीत शिल्लकच नसतं, आणि खाली माणसं बसतात तिथे धोका पत्करून चालणार नाही. तेव्हा आधी टेकू द्या, मंडप वापरायचा थांबवा आणि मग तपासा. पण गेलेलं लाकूड बदलायचं म्हणजे ते लाकूड बदलायचं. एक तुळई गेली म्हणून अठरा खांब उतरवायचे नसतात.

औषधाबद्दल. पेस्ट कंट्रोलवाले येतात, खांद्यावरच्या पंपाने खांबांवर, भिंतींवर फवारा मारतात, पाच वर्षांची हमी लिहून देतात आणि जातात. जमिनीतल्या वाळवीचं मूळ जमिनीत असतं, रंगवलेल्या खांबावर मारलेला फवारा तिथपर्यंत पोचत नाही. उभ्या इमारतीत वाळवीचा बंदोबस्त कसा करावा याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. त्यात जोत्याच्या बाहेरून चर खणून पायाच्या भिंतीलगतची माती औषधाने भिजवायची, फरशी आणि भिंत मिळते तिथे साधारण फुटाफुटावर भोकं पाडून आत औषध सोडायचं, अशी पद्धत दिली आहे. भिंतीच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर हे प्रमाण त्यातलंच. म्हणजे हे काम पंपाचं नाही, पिंपांचं आहे. काम करणाऱ्याला विचारा: औषधाचं नाव काय, बाटलीवरची मुदत काय, पातळ किती करणार? क्लोरपायरिफॉस २० ईसी, म्हणजे वीस टक्के तीव्रतेचं औषध, असेल तर एक टक्का द्रावणासाठी १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी लागतं. बादलीभर पाण्यात झाकणभर औषध टाकणारा तुम्हाला फसवतो आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखाली व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो. तो बघायला मागा, त्यात संकोच कसला? बाटली सीलबंद आहे का ते बघा आणि तुमच्यासमोर फोडायला सांगा.

पण त्याआधी एक गोष्ट. आपल्या बहुतेक देवळांच्या आवारात विहीर किंवा तळी असते आणि तिचं पाणी अजून लोक पितात. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं. विहिरीच्या आसपास चर खणून विष ओतायचं नाही, पावसाच्या तोंडावर तर मुळीच नाही. तिथे नळ्या मोडत राहणं, जोतं उघडं ठेवणं, ओल तोडणं आणि लाकडालाच संरक्षण देणं हाच मार्ग. लाकडासाठी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं द्रावण चांगलं काम करतं, भुंगेऱ्यावर आणि कुजेवरही. अट एवढीच की लाकूड रंगाशिवाय, उघडं हवं, म्हणजे ते आत झिरपतं, आणि पावसाच्या पाण्यात नको, नाहीतर धुऊन जातं. ऑइलपेंटवरून मारलं तर थेंब ओघळून खाली पडतात. आपल्याकडे काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना आणि घराच्या वाशांना लावायची चाल आहे, तिची मला कदर आहे. ते अंगाला लागलं तर भाजतं, म्हणून हातमोजे घालून, निरोगी कोरड्या लाकडाला लावायचं. आतून पोखरलेल्या लाकडावर वरून काळं ऑइल, डांबर किंवा रॉकेल फासण्याने मात्र काही होत नाही, उलट देवळात दिवे आणि समया असतात हे विसरू नका. आणि कुणी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बंद खोलीत ठेवायला सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या गोळ्यांच्या वायूने माणसं मेली आहेत.

आता आरसीसीबद्दल, कारण मंडळांच्या मनातला खरा प्रश्न तो आहे. मंडपात माणसं मावत नाहीत, शिमग्याला गर्दी होते, पावसात उभं राहायला जागा नाही, हे सगळं मान्य. मग जुन्याला हात न लावता पुढे वेगळा, मोकळा मंडप घाला, ज्याचं पाणी जुन्या भिंतीवर येणार नाही. पण आरसीसी म्हणजे कायमची सुटका असं समजू नका. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडतात. किनाऱ्यावरच्या गावांत तीस-चाळीस वर्षांचे स्लॅब सळ्या उघड्या पडून टेकूवर उभे आहेत, तुम्हीही पाहिले असतील. आणि वाळवी सिमेंट खात नसली तरी स्लॅबच्या बारीक भेगेतून, वायरिंगच्या पाइपमधून ती वर जाते आणि दाराच्या चौकटी, प्लायवूडची सिलिंग, देवाचं मखर, दप्तराचं कपाट खाते. मंडप बदलला तरी गावची जमीन तीच राहणार.

लाकूड टिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा कार्ल्याला जाऊन यावं. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडाच्या फासळ्या आहेत, त्यांचं वय दोन हजार वर्षांच्या आसपास. भाज्याच्या चैत्यगृहातही काही मूळ लाकडी फासळ्या आहेत आणि त्यांवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली सापडली आहेत. त्या टिकल्या कारण त्या मातीपासून लांब, कोरड्या आणि हवेशीर जागी आहेत. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ चा, त्याचे सुरूच्या घाटाचे सागवानी खांब अजून भार पेलत उभे आहेत. जवळचं बघायचं तर कशेळीच्या कनकादित्याचं लाकूडकाम आहेच. आपल्या हवेत लाकूड टिकवता येतं, आपल्याच लोकांनी ते टिकवून दाखवलं आहे.

शिवाय जुन्या मंडपात उभं आहे तसं लाकूड आता विकत मिळत नाही. ते बहुधा त्याच गावच्या देवराईतलं, पूर्ण वाढ झालेल्या झाडाचं. साग घ्या: त्याच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, ती झाड जुनं होता होता साठतात. लागवडीचा कोवळा साग लवकर तोडला जातो, त्यात गाभा थोडा आणि पांढरं लाकूड जास्त. म्हणून नव्या सागाची चौकट पाच वर्षांत खाल्ली जाते आणि आजोबांच्या घराची अजून तशीच असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. मंडप उतरला की त्याच आठवड्यात टेम्पो घेऊन जुन्या लाकडाचे व्यापारी हजर होतात. कोरीव हस्त (खांबाच्या माथ्यावर तुळईला दिलेले आधार), तुळया, तळखडेसुद्धा उचलतात. ते पुढे कुठल्या तरी रिसॉर्टच्या दारात किंवा शहरातल्या बंगल्यात उभे राहतात. ठरावात जे लाकूड वाळवीने संपलेलं होतं, ते रोख पैसे मोजून विकत घेणारा माणूस मूर्ख असतो का? तो खांब वाजवून बघतो, आरी टोचतो, मग भाव करतो. विश्वस्तांनी करायची तपासणी तो करतो, फक्त ती गावाच्या उपयोगाची राहत नाही. लाकूड विकायचा विषय निघाला तर ते आधी ग्रामसभेत मोजून, फोटो काढून, लिहून ठेवलं जावं, एवढं तरी मागणं रास्त आहे.

तेव्हा पुढच्या शिमग्याच्या बैठकीआधी एवढं करा. पाऊस संपून लाकडं सुकली की, मार्गशीर्ष-पौषात, एक दिवस मंडप तपासायला द्या. गावचा सुतार असेल तर तो, नसेल तर तालुक्यातून जुनं काम जाणणारा आणा, जमल्यास सोबत एक इंजिनिअर. आरी, हातोडी, टॉर्च आणि शिडी एवढीच सामग्री लागते, लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम. प्रत्येक खांबाला, तुळईला नंबर द्या आणि वहीत लिहा: आवाज कसा, आरी किती आत गेली, नळी, भुसा किंवा दाणे, ओल कुठून. ही वही देवस्थानच्या दप्तरात राहू द्या, दरवर्षी त्याच वहीत पुढे लिहा. चाकरमान्यांपैकी जे बांधकाम क्षेत्रात आहेत त्यांना यात घ्या, पैसे देण्यापलीकडे काहीतरी करायची त्यांची इच्छा असते, फक्त कुणी विचारत नाही. खांबांभोवतीची टाइल दोन वीत फोडून तळखडे मोकळे करा. भिंतीला टेकवलेलं सगळं हलवा. वैशाखात कौलं चाळून घ्या. आणि त्या वहीवरून जे लाकूड खरोखर गेलेलं निघेल त्याचा खर्च मांडा, मग तो आकडा नव्या मंडपाच्या आकड्यासोबत सभेपुढे ठेवा. त्यानंतरही गावाने मंडप उतरवायचं ठरवलं, तर निदान कारण खरं असेल.

ज्या देवस्थानांना पहिली तपासणी कशी करायची ते समजून घ्यायचं आहे, त्यांच्याकडे मी आणि माझे सहकारी तपासणीचे पैसे न घेता येऊ. मात्र कौलं उतरायच्या आधी बोलवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कोकणातला एक सुतार